गतसत्त्वाची पुनःप्राप्ती : दारासुरम्, तंजावर आणि टेस्टोस्टेरॉन

कुंभकोणमनजीकच्या दारासुरम् येथील ऐरावतेश्वर मंदिर चोल राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात उभारले. दुर्वासाच्या शापाने विवर्ण झालेल्या ऐरावताला येथील तीर्थस्नानाने आपला शुभ्र वर्ण परत लाभला, अशी स्थलकथा आहे. गमावलेले सत्त्व विहित मार्गानेच परत मिळते, ही धारणा वैद्यकातही दिसते. पुरुषत्वाच्या ऱ्हासावरील उपचारांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हा परिसर पुढे तंजावरच्या मराठ्यांच्या अमलाखाली आला. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र आले. तेथील अनुभूत योग सरफोजींच्या नावाने तमिळ पद्यात बांधले गेले. वैद्यकीय ज्ञानाचे भाषांतर हा तेथील नित्यव्यवहार होता. त्यामुळे संज्ञांच्या समानार्थतेचा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

सुश्रुतसंहितेच्या वाजीकरणप्रकरणात बोकडाच्या वृषणांसह सिद्ध केलेल्या दुधाची भावना दिलेले तीळ सेवन करण्यास सांगितले आहे. १८८९ मध्ये पॅरिस येथे ब्राउन-सेकार या वृद्ध शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला व शक्ती परतल्याचे जाहीर केले. तथापि वृषणात हे द्रव्य फारसे साठत नाही व पाण्यात ते अत्यल्प उतरते. त्यामुळे तो परिणाम बहुतांशी श्रद्धेचाच असावा. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लाकर व सहकाऱ्यांनी बैलाच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे कृत्रिमरीत्या सिद्ध केले.

द्रव्य हाती आले, तरी मार्गाचा प्रश्न उरलाच. गिळलेले टेस्टोस्टेरॉन यकृतात बव्हंशी नष्ट होते. म्हणून तेलातील इंजेक्शने व त्वचेखाली पुरायच्या गोळ्या आल्या. पुढे १९९० च्या दशकात त्वचेवरील पट्ट्या आणि २००० मध्ये अमेरिकेत जेल उपलब्ध झाले. इंजेक्शनानंतर रक्तातील पातळी चढते व पुढील मात्रेपर्यंत उतरते. त्याबरोबर उत्साह व मनःस्थितीही हेलकावे घेऊ शकतात. जेलने पातळी अधिक स्थिर राहते, परंतु ते रोज लावावे लागते व स्पर्शाने घरातील स्त्रिया-मुलांपर्यंत पोहोचू शकते. यास्तव रुग्ण मार्ग बदलतो. तेव्हा जुनी मात्रा जशीच्या तशी नेता येत नाही, रक्त तपासून ती नव्याने ठरवावी लागते.

भाषांतरकारासही हाच नियम लागू आहे. ‘शुक्र’ म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हे समीकरण सोयीचे असले तरी फसवे आहे. शुक्र हा आहारापासून क्रमाने परिणत होणारा सातवा धातू. टेस्टोस्टेरॉन हा रक्तात मोजता येणारा रेणू. वाजीकरणाचे श्रेष्ठ फल अपत्य मानले गेले. उलट बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन पीयूषिका ग्रंथीचे संदेश दडपून शुक्राणूंची निर्मिती घटवते. अपत्येच्छू पुरुषाच्या बाबतीत या दोन संज्ञा परस्परविरुद्ध ठरतात. तेथे शब्दाची चूक कोशापुरती राहत नाही; ती देहापर्यंत पोहोचते.