किल्ल्यावरचे मावळे : खरेदी, किंमत आणि पारख

त्र्यंबकेश्वर (प्रतिनिधी) – सहामाही परीक्षा आटोपल्या की अंगणांतून आणि सोसायट्यांच्या आवारांतून दगड-माती जमू लागते. दिवाळीच्या किल्ल्यासाठी लागणारे दगड, विटा, गोणपाट आणि अळीव घरच्या घरी किंवा नाममात्र खर्चात मिळते. खिशाला चाट बसते ती मावळ्यांपायी. त्र्यंबकच्या बालगोपाळांना नमुन्यासाठी लांब जायला नको. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला त्र्यंबकगड, म्हणजेच ब्रह्मगिरी, गावाच्या पाठीशीच उभा आहे. मात्र येथील बाजारपेठ मुख्यतः यात्रेकरूंची. रुद्राक्ष, तसबिरी आणि पूजेची भांडी यांची येथे रेलचेल असते. मावळे निवडून घ्यायचे तर सुमारे २८ किलोमीटरवरचे नाशिक गाठावे लागते.

तेथे पहिला प्रश्न पडतो तो भावाचा. शेजारशेजारच्या दोन गाड्यांवर मावळे सारखेच दिसतात आणि किमतीत मात्र दुपटीचा फरक असतो. हा फरक दरवेळी विक्रेत्याच्या मर्जीचा असतो, असे समजणे अन्यायाचे ठरेल.

मातीचा मावळा बहुधा दोन भागांच्या साच्यातून निघतो. पुढच्या आणि मागच्या भागांत माती दाबून भरतात, दोन्ही भाग जोडतात, सांधा ओल्या हाताने पुसून घेतात, मग सावलीत वाळवण आणि शेवटी भट्टी. या साऱ्यात माती ही सर्वांत स्वस्त बाब. साचा मात्र वापराने झिजतो. झिजलेल्या साच्यातून निघालेल्या मावळ्याचे नाक सपाट आणि मिशी गालात विरघळल्यासारखी दिसते. असा मावळा स्वस्त मिळतो, आणि तो स्वस्तच असला पाहिजे.

खरी किंमत रंगकामात आहे. अंगरखा, पगडी, चेहरा, शेला, कमरपट्टा, मिशी आणि अखेरीस डोळे, असा एकेका मावळ्याला अनेकदा हात लागतो. प्रत्येक रंग वाळेपर्यंत थांबावे लागते ते वेगळेच. ग्राहकाने घासाघीस करून पाच-दहा रुपये कमी केले की त्याची कात्री येथेच लागते. पुढच्या वर्षी त्याच भावात कमरपट्टा गायब होतो आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके येतात. तिसरी बाब तुटीची. भाला, उगारलेली तलवार, तुतारी, घोड्याचे पाय असे बाहेर आलेले भाग भट्टीत आणि वाहतुकीत मोडतात. मोडलेल्यांची किंमत उरलेल्यांवर चढते. म्हणूनच साध्या उभ्या मावळ्याचा भाव दोन आकडी राहतो, तर सिंहासनाधिष्ठित महाराजांचा सहज तीन आकडी होतो. गवळण, धनगर आणि गुहेतला वाघ मध्ये कुठे तरी असतात. (किल्ल्यावर वाघ कशासाठी, हा प्रश्न मुलांना पडत नाही; मोठ्यांनीही विचारू नये.)

प्लॅस्टिकच्या मावळ्याचे गणित याच्या नेमके उलटे आहे. त्यासाठी लागणारा पोलादी साचा अतिशय महाग; पण एकदा तो तयार झाला की प्रत्येक नग अगदी अल्प खर्चात पडतो. साहजिकच हजारो नग खपवावे लागतात आणि सगळे मावळे जुळ्या भावांसारखे दिसतात. दोन्हींचे भाव एकाच मापाने मोजता येत नाहीत, ते या कारणाने.

हे समजून घेण्यास परदेशांतील युद्धखेळांचा बाजार उपयोगी पडतो. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम मांडले. पुढे सैनिकांबरोबर अंतराळयानेही खेळात उतरली. ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ हा खेळ १९९९ मध्ये आला. तळहातावर मावणाऱ्या त्या युद्धनौका न रंगवलेल्या मिळत. रंगविणे हे घेणाऱ्याचे काम. कंपनीने उत्पादन थांबविल्यावर हौशी लोक जुन्या नौकांसाठी मूळ किमतीपेक्षा अधिक मोजू लागले. २०१२ मध्ये आलेल्या ‘एक्स-विंग’ या खेळातील याने १:२७० या प्रमाणात आणि रंगवूनच विकली जात. २०२४ मध्ये त्या खेळाचा पुढील विकास बंद झाल्याचे जाहीर झाले. अशा यानात प्लॅस्टिक असते काही ग्रॅम. बाकी पैसा साच्याचा, रंगकामाचा आणि चित्रपटाच्या नावाच्या परवान्याचा. आपल्या मावळ्याला परवान्याचा खर्च नाही, एवढाच काय तो फरक! परदेशी खेळणी मागविणाऱ्यांनी आयातशुल्क विसरू नये. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले.

खरेदीत सर्वाधिक चूक होते ती उंचीच्या निवडीत. मोठा मावळा दिसायला ऐटदार, पण तो किल्ल्याला बुटका करून टाकतो. नाशिक जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्र्यंबकगडाचा कडा २०० ते ४०० फूट उंच असल्याची नोंद आहे. साडेपाच फुटी माणसासाठी पाच इंची मावळा धरला, तर त्याच प्रमाणात सर्वांत कमी उंचीचा कडाही १५ फुटांचा करावा लागेल. दोन इंची मावळ्यासाठी सहा फूट पुरतील. परदेशी युद्धखेळांतील २८ मिलिमीटरचा सैनिक घेतला तर जेमतेम सव्वातीन फुटांत काम भागते. अर्थात, अंगणातल्या किल्ल्याला एवढे काटेकोर प्रमाण कोणी लावत नाही. तरीही मोठे मावळे पायथ्याशी आणि लहान माथ्यावर ठेवले की किल्ला आहे त्याहून उंच भासतो. त्यासाठी दोन मापांचे मावळे घ्यावेत. एकाच मापाचा तयार संच सोयीचा असला तरी ही गंमत त्यात साधत नाही.

पारख करणे अवघड नाही. नीट भाजलेल्या मावळ्यावर नखाने टिचकी मारली की खणखणीत आवाज येतो. तडा गेला असेल तर आवाज बद्द होतो. बैठकीच्या तळाशी रंग नसलेली जागा असतेच. तेथे भाजलेली माती तांबूस दिसते, तर प्लास्टर ऑफ पॅरिस पांढरेफटक आणि वजनाला हलके. प्लास्टरचा मावळा मातीच्या भावाने घेऊ नये. ओल्या बोटाला रंग लागला तर तो मावळा उघड्यावर दव-पावसात टिकणार नाही.

घरात तान्हे मूल असेल तर रंगाबाबत अधिक दक्ष राहावे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक असू नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्हही बंधनकारक झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी झालेल्या कारागिरांच्या मालाला त्यातून सूट आहे. तेव्हा प्लॅस्टिकच्या मावळ्यावर हे चिन्ह पाहावे. मातीच्या मावळ्याबाबत कोणता रंग वापरला, हे सरळ विचारावे. स्वतः रंगविणारा विक्रेता बहुधा सांगतो. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडचे चकचकीत मावळे लहान मुलाच्या हाती देऊ नयेत.

खरेदी वसुबारसेपूर्वी केलेली बरी. लक्ष्मीपूजनानंतर भाव उतरतात हे खरे, पण तोवर उरतात ते भाला मोडलेले शिलेदार. दिवाळीनंतर प्रत्येक मावळा वर्तमानपत्रात स्वतंत्र गुंडाळून, खाली-वर भुसा घालून खोक्यात ठेवावा. मोडलेला हात डिंकाने टिकत नाही. त्याला इपॉक्सी लागते. असे जपले तर पुढच्या वर्षी घ्यावा लागतो तो फक्त नवा तुतारीवाला, कारण तुतारी मोडल्याशिवाय राहत नाही.