मऊ नाकाची गोळी: रणात बंदी, रानात सक्ती

१८९५च्या चित्राल मोहिमेत ब्रिटिश सैनिकांची तक्रार होती, की .३०३ रायफलीची धातूच्या कवचातली गोळी शत्रूच्या आरपार जाते, पण त्याला थोपवत नाही. मग कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी कवचाचे टोक उघडे ठेवले. आतले मऊ शिसे अंगात शिरताच पसरे, जखम मोठी होई. १८९९च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. ब्रिटनने ते १९०७मध्ये मान्य केले. इंग्लंड-वेल्समधला १९९१चा हरीणविषयक कायदा मात्र रायफलीने हरीण मारताना मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी हवी म्हणतो. युद्धात शत्रू जायबंदी झाला की पुरे. शिकारीत मात्र जखमी जनावर रानात तडफडत राहू नये, चटकन मरावे, हा त्यामागचा विचार.