२० नोव्हेंबर : गोलरक्षक अदिती चौहान यांचा जन्म (१९९२)

भारताच्या माजी गोलरक्षक अदिती चौहान यांचा आज जन्मदिन. चेन्नईत जन्मलेल्या, दिल्लीत वाढलेल्या अदिती कराटे आणि बास्केटबॉल खेळत फुटबॉलकडे वळल्या. इंग्लंडमध्ये क्रीडा व्यवस्थापन शिकताना २०१५मध्ये त्या वेस्ट हॅमच्या महिला संघातून खेळल्या. पदार्पणातच कॉव्हेंट्रीकडून पाच गोल झाले. पुढे गोकुलम केरळकडून त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली. २० जानेवारी २०२२ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषकात इराणला त्यांनी गोल करू दिला नाही. सामना ०-० सुटला. तीन दिवसांनी करोनामुळे भारताला स्पर्धाच सोडावी लागली. हे स्टेडियम आपल्या रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या इतके जवळ, की पनवेलला गाडी बदलली की पोहोचलेच. पण मोठी स्पर्धा आली नि गेली, तरी खेळाडू घडत नाहीत. म्हणूनच अदितींनी काढलेली ‘शी किक्स’ अकादमी मला त्यांच्या पदकांहून मोलाची वाटते.

रायगड कबड्डीचा, इथे मुलींना फुटबॉल कशाला, असे कुणी म्हणेल. पण खुद्द अदिती दोन वेगळे खेळ खेळून इथवर आल्या. कबड्डीतली चपळाई वाया जाणार नाही. मैदान नाही, ही तक्रार अधिक खरी. मात्र भातकापणीनंतर शेताशेतांत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा रंगतात, तेव्हा जागेची अडचण कुणाला आठवत नाही (बक्षिसांचीही नाही). पेण-रोह्याच्या शाळांनी यंदा आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी मैदान मुलींसाठी राखून ठेवावे.