जिवाणू : मुंबई उपनगरांतील आरोग्य, शेती व पर्यावरण

जिवाणू हे केंद्रक नसलेले एकपेशीय सजीव होत. बहुतेकांची लांबी एक ते पाच मायक्रोमीटर असते. पृथ्वीवर त्यांचा वावर किमान ३५० कोटी वर्षांपासून आहे. माती, पाणी, हवा, वनस्पती आणि प्राण्यांची शरीरे अशा सर्व ठिकाणी ते आढळतात. प्रौढ माणसाच्या शरीरात त्यांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी असते आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. जिवाणूंच्या ज्ञात जातींपैकी रोग निर्माण करणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत.

मुंबईच्या उपनगरांत जंगल, तलाव, तबेले, मिठागरे, खाडी, कचराभूमी आणि अतिशय दाट वस्ती एकमेकांना लागून आहेत. त्यामुळे जिवाणूंचे उपकारक आणि घातक असे दोन्ही व्यवहार येथे शेजारीशेजारी चालतात. जिवाणू कोणत्या जातीचा, याइतकेच तो कोठे पोहोचला यालाही महत्त्व असते. एश्चेरिकिया कोलाय (ई. कोलाय) आतड्यात असताना बहुधा निरुपद्रवी असतो, किंबहुना के जीवनसत्त्व तयार करण्यास हातभार लावतो. तोच पिण्याच्या पाण्यात सापडला तर त्या पाण्यात मैला मिसळला आहे, असा निष्कर्ष काढला जातो.

आरोग्य : उपनगरांत पावसाळ्याशी सर्वाधिक जोडला गेलेला जिवाणूजन्य रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बोलीत ‘लेप्टो’. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जिवाणू उंदीर, घुशी, कुत्रे आणि गुरे यांच्या मूत्रपिंडात राहतो व त्यांच्या मूत्रावाटे बाहेर पडतो. तुंबलेल्या पाण्यात तो पसरतो आणि पायावरची जखम, भेगा किंवा डोळे, नाक व तोंड यांची नाजूक त्वचा यांतून माणसाच्या शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीच्या काठच्या कुर्ला, कलिना या वस्त्या आणि इतर सखल भाग पाण्याखाली गेले. लाखो माणसे कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी पोहोचली आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोची मोठी साथ आली. ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळ्यांची लाली ही सुरुवातीची लक्षणे फ्लू किंवा डेंग्यूसारखी वाटतात. निदानास उशीर झाल्यास कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे आणि फुप्फुसांत रक्तस्राव हे धोके उद्भवतात. वेळेत दिलेले डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त प्रतिजैविक गुणकारी ठरते. म्हणूनच साचलेल्या पाण्यातून चालावे लागलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे आवाहन महानगरपालिका पावसाळ्यात करते. औषध रोग रोखते ते त्या पावसापुरते. उंदरांना अन्न पुरवणारा उघडा कचरा आणि पाणी तुंबवणारे नाले तसेच राहिले, तर पुढच्या पावसात धोका पुन्हा तेवढाच असतो.

क्षयरोगाचा जिवाणू, मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, पाण्याऐवजी हवेचा आधार घेतो. रॉबर्ट कॉख यांनी त्याचा शोध २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले सूक्ष्म तुषार कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. ऊन आणि खेळती हवा मिळाली की त्यांचा प्रभाव झपाट्याने ओसरतो. पूर्व उपनगरांतील गोवंडी, मानखुर्द परिसरात हा रोग हटण्यास तयार नाही आणि त्याची मुळे कुपोषणाइतकीच घरांच्या रचनेतही आहेत. झोपडीतून पुनर्वसनाच्या इमारतीत गेल्यावर घर पक्के होते, पण दोन इमारतींमधील अंतर अगदी कमी ठेवल्यास खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. अशी घरे बांधणे म्हणजे रोगाला जागा करून देणे होय, हे नियोजनात गांभीर्याने घेतले गेलेले नाही. साध्या क्षयावर सहा महिन्यांचे उपचार पुरतात. औषधे मध्येच सोडल्यास किंवा चुकीची दिल्यास प्रतिकारक्षम जिवाणू उरतात आणि वाढतात. अशा क्षयावरील जुने उपचार दीड वर्षाहून अधिक काळ चालत. बेडाक्विलीन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या एकत्रित उपचारांनी अनेक रुग्णांसाठी ही मुदत सहा महिन्यांवर आणली आहे.

पाण्यातून पसरणारे पटकी, विषमज्वर आणि आमांश हे रोग शुद्धीकरणामुळे आटोक्यात आले. मुंबईचा पहिला मोठा जलाशय, विहार, १८६० मध्ये पूर्ण झाला आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये. दोन्ही आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. शहराच्या पाण्याचा मोठा भाग भांडुप येथील शुद्धीकरण केंद्रातून जातो. तुरटीसारख्या क्षारांनी गाळ खाली बसवणे, वाळूतून गाळणे आणि क्लोरीन मिसळणे या टप्प्यांत रोगजंतूंचा नाश होतो. धोका असतो तो पुढच्या प्रवासात. उपनगरांत पाणी दिवसाचे ठरावीक तासच येते. नळ बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गटाराशेजारून जाणाऱ्या फुटक्या नळीत बाहेरचे घाण पाणी शोषले जाते. त्यामुळे केंद्रातून निर्धोक निघालेले पाणी चाळीच्या किंवा वस्तीच्या नळापर्यंत दूषित होऊ शकते.

दुधाच्या बाबतीत दूषित होण्याचा असाच प्रश्न मुंबईने वसाहत वसवून सोडवला. शहरातील दाट वस्तीतले तबेले हलवण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत स्थापन झाली; दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार. दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करण्याच्या पाश्चरीकरणात क्षय आणि ब्रुसेलोसिस यांचे जंतू मरतात. सगळे जिवाणू मात्र मरत नाहीत, म्हणून पिशवीतले दूधही थंड ठेवावे लागते. दही आणि इडलीचे पीठ यांत लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू मुद्दाम वाढवले जातात. त्यांच्या आम्लामुळे इतर जंतूंना वाव राहत नाही. वेसावे आणि मढ येथील कोळी बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, वाळवतात, ते उलट कारणाने. पाणी उडून गेले की मासा कुजवणाऱ्या जिवाणूंची वाढ थांबते.

जिवाणूंविरुद्धची अनेक औषधे जिवाणूंपासूनच मिळतात, आणि या इतिहासात मुलुंडला स्वतःचे स्थान आहे. हेक्स्ट या औषध कंपनीचे संशोधन केंद्र मुलुंडला होते. तेथील शास्त्रज्ञांनी मुलुंडच्या मिठागरातील मातीतून बॅसिलस गटातील एक जिवाणू वेगळा केला आणि त्याच्यापासून मिळालेल्या मर्सासिडिन या प्रतिजैविकाचे वर्णन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. २० ॲमिनो आम्लांचा हा छोटा रेणू जिवाणूच्या पेशीभित्तीच्या बांधणीस लागणाऱ्या ‘लिपिड-२’ या घटकाला चिकटतो व बांधणी थांबवतो. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरही तो परिणामकारक दिसला. औषध म्हणून तो बाजारात आलेला नाही, पण अभ्यासाचा विषय म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आहे. ज्या मिठागरांकडे केवळ इमारतींसाठी मोकळी जमीन म्हणून पाहिले जाते, त्यांच्या खारट मातीची किंमत ठरवताना ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शेती : उपनगरांत शेती थोडी उरली आहे : आरेतील वारली पाड्यांवरची भातखाचरे व भाजीचे वाफे, गोराई–मनोरीकडील जमिनी आणि रेल्वेमार्गालगतचे पालेभाज्यांचे पट्टे. कोकणात भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल, पावटा, चवळी अशी कडधान्ये घेण्याची जुनी रीत आहे आणि तिच्यामागे जिवाणूंचे काम आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. रायझोबियम गटाचे जिवाणू कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतील नायट्रोजनाचे अमोनियात रूपांतर करतात. गाठ चिरल्यावर आत गुलाबी रंग दिसला तर ती कामावर आहे असे समजावे. बियाण्यास चोळण्यासाठी रायझोबियमची पाकिटे मिळतात. गुळाच्या पाण्यात कालवून ते बियाण्याला लावतात, बियाणे सावलीत सुकवतात आणि लगेच पेरतात. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी लावावे लागते, नाहीतर जिवाणू मरतात. वाल, चवळी, मूग यांना चालणारे संवर्धन सोयाबीन किंवा हरभऱ्याला उपयोगी पडत नाही. भातावरचा कडा करपा हा झँथोमोनास जिवाणूमुळे होतो. पानांच्या कडा पिवळ्या पडून वाळतात आणि नत्रखत जास्त दिल्यास तो बळावतो.

रुळांलगतच्या भाज्यांना अनेकदा नाल्याचे पाणी मिळते. त्यातून विष्ठेतील जिवाणू पानांवर येतात. भाजी स्वच्छ धुऊन नीट शिजवल्यास हा धोका जातो; नाल्याच्या पाण्यातील जड धातू मात्र शिजवल्याने जात नाहीत.

सांडपाणी आणि कचरा : मैलापाणी शुद्ध करण्याचे मुख्य काम जिवाणूच करतात, यंत्रे त्यांना फक्त ऑक्सिजन आणि वेळ पुरवतात. घाटकोपर व भांडुप येथील जुन्या केंद्रांत मोठ्या तळ्यांत हवा घुसळून ऑक्सिजनजीवी जिवाणू वाढवले जात. ते सेंद्रिय घाण खातात, तर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे अमोनियाचे टप्प्याटप्प्याने नायट्रेट करतात. असे न करता मैला खाडीत सोडला, तर हेच काम खाडीतील जिवाणू करतात, पण पाण्यातला ऑक्सिजन वापरून, आणि मासे गुदमरतात. मुंबईसाठी आखलेल्या सात नव्या केंद्रांची एकूण क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर आहे. त्यांत मालाडचा वाटा ४५४, घाटकोपरचा ३३७, भांडुपचा २१५ आणि वेसाव्याचा १८० दशलक्ष लिटरांचा आहे.

ओल्या कचऱ्याचेही तसेच आहे. हवा मिळणाऱ्या खताच्या ढिगात उष्णताप्रेमी जिवाणू तापमान ५५ अंशांच्या वर नेतात, त्यात रोगजंतू मरतात आणि काही आठवड्यांत खत होते. हवा न मिळणाऱ्या कचराभूमीत जिवाणू कचरा आम्लांपर्यंत मोडतात आणि पुढे मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. हे मिथेनकारी सूक्ष्मजीव जिवाणू नव्हेत. ते आर्किया या स्वतंत्र गटात मोडतात. मुलुंडच्या सुमारे २४ हेक्टर कचराभूमीवर १९६७ ते २०१८ या काळात कचरा टाकला गेला. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरभर राहिला. साचलेला मिथेन अशा आगींना इंधन पुरवतो. कांजूरमार्गला कचऱ्यातून झिरपलेले पाणी पुन्हा कचऱ्यात फिरवून जिवाणूंना ओलावा दिला जातो आणि वायू गोळा केला जातो. तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्र हा याहून सुटसुटीत मार्ग आहे. त्यात ओला कचरा आधी हवेत, उष्णताप्रेमी जिवाणूंकडून पचवला जातो आणि मग बंद टाकीत त्यापासून गॅस व खत मिळते. कचरा जेथे निर्माण होतो तेथेच तो जिरवणे यामुळे शक्य होते. महापालिकेने २०१७ पासून मोठ्या गृहनिर्माण संस्थांना ओला कचरा आवारातच जिरवण्यास सांगितले आहे. ते मनापासून केलेल्या सोसायट्यांत कचऱ्याच्या गाड्यांवरचा भार स्पष्ट कमी होतो.

खाडी : तिवरांच्या काळ्या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास घाणीचाच असतो असे नाही. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात गंधकाचे क्षार वापरून श्वसन करणाऱ्या जिवाणूंनी सोडलेला तो हायड्रोजन सल्फाइड वायू होय. गळालेली पाने मोडून त्यांतील पोषक द्रव्ये कोळंबी व खेकड्यांच्या पिलांपर्यंत पोहोचवणारी साखळी याच चिखलात सुरू होते. भांडुप–मुलुंडसमोरच्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून उतरणारे छोटे रोहित पक्षी नीलहरित जिवाणू गाळून खातात. या आहारातील रंगद्रव्यांमुळे त्यांचे पंख गुलाबी होतात. खाडीत येणाऱ्या सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस यांच्यावर हे जिवाणू पोसले जातात. पोषक द्रव्ये एका मर्यादेपलीकडे वाढली तर पाण्यातला ऑक्सिजनच संपतो, म्हणून पक्ष्यांची गर्दी हे खाडी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र मानता येत नाही. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला.

संशोधन : पवईच्या आयआयटीत कार्बारिल या कीटकनाशकावर जगणाऱ्या मातीतील स्यूडोमोनास जिवाणूंचा अभ्यास झाला आहे. मातीच्या थरांतील जिवाणूंकडून सांडपाणी शुद्ध करून घेणारे मृदा-जैवतंत्रज्ञानही तेथेच विकसित झाले. भाभा केंद्रात डायनोकोकस रेडिओड्युरान्स या जिवाणूवर काम चालते. माणसाला मारणाऱ्या किरणोत्साराच्या सुमारे हजारपट मात्रा तो सोसतो, कारण तुटलेला डीएनए तो काही तासांत जोडून घेतो. त्याच्यात दुसऱ्या जिवाणूचे एक जनुक घालून, विरल द्रावणातील युरेनियम फॉस्फेटच्या रूपात वेगळे काढण्याचे प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. असे जनुकीय बदल केलेले जिवाणू उघड्या जमिनीत किंवा पाण्यात सोडण्यास पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची मंजुरी लागते.