अ‍ॅडमिट झाल्यावर आजोबा असे का वागू लागले?

"डॉक्टर, न्यूमोनिया बरा झाला, पण बाबा पहिल्यासारखे राहिले नाहीत हो." ही तक्रार मी नेहमी ऐकतो. कदाचित तुमच्या घरातही कुणी केली असेल. दवाखान्यात जाईपर्यंत रोजचा पेपर वाचणारा माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपटतो, मुलाला ओळखत नाही, "मला घरी न्या" म्हणून ओरडतो. जुन्या बायका याला "वात झालाय" म्हणत. आम्ही डॉक्टर डिलिरियम म्हणतो. आणि बरेचदा सगळेच म्हणतात, "वय झालं."

"वय झालं" हे उत्तर पहिल्यांदा ज्यांनी नाकारलं, त्यांत डॉ. मार्जरी वॉरन यांचं नाव घ्यावं लागेल. १९३५ मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या गरीबखान्याचा दवाखाना आला आणि ७१४ रुग्णांची जबाबदारी वॉरनबाईंवर पडली. वर्षानुवर्षं अंथरुणावर पडलेली म्हातारी माणसं, बहुतेकांचं धड निदानही नाही. बाईंनी एकेकाला तपासलं, उठवलं, चालवलं. यातले कितीतरी जण चक्क घरी गेले!

पुढे १९४७ मध्ये लंडनच्याच डॉ. रिचर्ड अ‍ॅशर यांनी अंथरुणात पडून राहण्याचे धोके लिहून काढले. पायात रक्ताची गुठळी, हाडं ठिसूळ, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, पाठीला जखमा, आणि मनाचं खचणं. त्या काळी सक्तीची विश्रांती हेच मोठं औषध होतं. आपल्याकडे अजूनही आहे. "आजी, तुम्ही उठू नका, सगळं हातात देतो," हे प्रेमानेच म्हटलेलं असतं.

मग १९५५ साल. ऑक्सफर्डचे डॉ. बेडफर्ड यांनाही नातेवाईक सांगत होते, "ऑपरेशन झाल्यापासून ते बदललेत." त्यांनी भूल दिलेल्या, पन्नाशी उलटलेल्या ११९३ रुग्णांचा मागोवा घेतला. सुमारे १० टक्के लोकांत बुद्धीची घसरण दिसली. त्यांचा मुख्य रोख भुलीवर होता. पण ज्यांचं ऑपरेशनच झालं नाही, तेही बिघडतात. तेव्हा दोष एकट्या भुलीचा नसावा.

अडचण अशी होती की प्रत्येक डॉक्टर भ्रम आपापल्या पद्धतीने ओळखायचा. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपी कसोटी दिली. बिघाड अचानक झाला आणि दिवसभरात कमी-जास्त होतो का? लक्ष टिकतं का? (वार उलटे म्हणायला सांगा, लगेच कळतं.) या दोन्हींच्या जोडीला बोलणं असंबद्ध आहे, किंवा माणूस गुंगीत वा अति उत्तेजित आहे, असं असेल तर तो डिलिरियम. गुंगीतला प्रकार हमखास निसटतो. आजोबा गुपचूप पडून आहेत म्हणून घरचे खूश असतात, आणि खरं तर तेही भ्रमातच असतात.

याच इनोये यांनी येल विद्यापीठाच्या रुग्णालयात सत्तरीच्या पुढच्या ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला. नवीन औषध काहीच नाही. रोज चालवणं, पाणी पाजणं, चष्मा आणि श्रवणयंत्र लावणं, आज कोणता वार आहे हे सांगणं, रात्री झोपमोड टाळणं. १९९९ मध्ये निकाल आला: नेहमीच्या गटात १५ टक्के लोकांना भ्रम झाला, या गटात ९.९ टक्के. पण भ्रम एकदा झाल्यावर त्याची तीव्रता मात्र या उपायांनी कमी झाली नाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनच सुरुवात हवी.

शिकागोत १८७० वृद्धांचा अनेक वर्षं अभ्यास झाला. त्यातले १३३५ जण कधी ना कधी अ‍ॅडमिट झाले, आणि त्यानंतर त्यांच्या बुद्धीच्या घसरणीचा वेग दुपटीहून जास्त झाला (२०१२). इथे मूळ आजाराचा वाटा किती आणि दवाखान्याचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. म्हणून गरज असेल तेव्हा अ‍ॅडमिट करायला बिचकू नका.

तिकडे या कामासाठी स्वयंसेवक तयार करावे लागले. आपल्याकडे खाटेशेजारी घरचं माणूस बसलेलंच असतं, मोबाईल बघत. पुढच्या वेळी पिशवीत फळांच्या आधी चष्मा, कवळी आणि ऐकायचं मशीन भरा. रोजच्या झोपेच्या गोळ्या असतील, दारूची सवय असेल, तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगा. त्या अचानक बंद झाल्यानेही भ्रम होतो. आणि घरी आल्यावर आठवड्याभरात "बाबांना डिमेन्शिया झाला" असं ठरवून टाकू नका. भ्रम ओसरायला कधी कधी आठवडे, महिनेही लागतात. तीनेक महिन्यांनी त्यांची स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्या.