जुनीं व्यक्तिचित्रें आणि मुंबईंतील हौशी छायाचित्रकार

जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून कागदपत्रांबरोबर पूर्वजांचीं छायाचित्रेंहि हातीं येतात. कागद आला म्हणजे संशोधक त्याची शाई, अक्षरवळण व मिति तपासतो. छायाचित्र मात्र प्रत्यक्ष प्रमाण समजून निःशंकपणें स्वीकारतो. हा विश्वास कितपत योग्य आहे हें ठरविण्यासाठीं तीं चित्रें कोणीं व कशीं काढलीं हें पाहिलें पाहिजे.

मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. ही मुख्यतः हौशी लोकांची संस्था होती. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. दोघांचाहि व्यवसाय वैद्यकीचा. छायाचित्रण हा फावल्या वेळचा व्यासंग. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत या विद्येचा वर्ग निघाला आणि त्यांत शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनीं पुढें तोच धंदा केला. अशा रीतीनें हौसेंतून पेशा उत्पन्न झाला.

त्या काळची कृति आर्चर यानें १८५१ त प्रसिद्ध केलेली ओल्या कोलोडियनची होय. कोलोडियन जखमेवर लावण्याचें औषध म्हणूनहि वापरांत असल्यामुळें वैद्यांस तें परकें नव्हतें. तें काचेवर पसरून काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ती ओली आहे तोंच चित्र घेऊन अंधाऱ्या खोलींत उमटवावयाचें. उष्ण हवेंत काच लवकर सुके, त्यामुळें उसंत थोडी. इकडे बसणाऱ्यास कित्येक सेकंद निश्चल रहावें लागे. त्यासाठीं डोक्यामागें लोखंडी टेकण लावीत. जुन्या चित्रांतील ताठ मान व करडी मुद्रा यांवरून त्या पुरुषाच्या स्वभावाचें अनुमान काढणें म्हणूनच धोक्याचें आहे.

रंगांची गोष्ट याहून महत्त्वाची. ही काच निळा प्रकाश चटकन् ग्रहण करी. पिवळा व तांबडा तिला जवळजवळ दिसतच नसे. परिणामीं तांबडें पागोटें काळें उमटे, कुंकू काळें दिसे, निळें वस्त्र पांढुरकें होई आणि सांवळी कांति होती त्याहून काळी भासे. अशा चित्रांवरून वेषाचे किंवा वर्णाचे निष्कर्ष काढणाऱ्यानें हें विसरतां कामा नये.

विल्यम जॉन्सन याच्या मुंबईच्या लोकांवरील ग्रंथाचे दोन खंड १८६३ व १८६६ त निघाले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसें एका ठिकाणीं घेऊन त्यांमागें दुसऱ्याच जागेचें दृश्य जोडलेलें आहे. तीं जातींचे नमुने म्हणून मांडलीं गेलीं. पण ज्या भूमीवर तीं माणसें उभीं दिसतात, तेथें तीं उभीं नव्हतीं.

यावरून छायाचित्रें त्याज्य ठरत नाहींत. त्यांची चिकित्सा मात्र आवश्यक ठरते. मोडी कागद वाचावयाचे तर मोडी शिकावी लागते. तद्वत् या साधनांच्या अभ्यासकानें फावल्या वेळांत स्वतः एखाद्याचें व्यक्तिचित्र घेऊन पहावें. खिडकीचा उजेड एका हातानें सरकला कीं तोच चेहरा किती पालटतो हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें, म्हणजे दप्तरांतील चित्र हातीं घेतांना पहिला प्रश्न मनांत आपोआप उभा राहील: उजेड कोठून येत होता?