खोट्या माशाची खरी हकीकत



इतिहासाच्या व्याख्यानात मासे धरण्याच्या गळाला जागा मिळावी, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. तह, लढाया आणि राजवंश हा आम्हा इतिहासवाल्यांचा नेहमीचा माल. त्यापुढे वीतभरही लांब नसलेल्या एका कोरीव माशाची काय मातब्बरी? परंतु ज्या माणसाने तो कोरला, त्याच्या घरची चूल पेटणे न पेटणे त्यावर अवलंबून होते. आणि ज्या वस्तूवर चूल अवलंबून असते तिला इतिहास असतो, असे मी मानतो.

तो माणूस म्हणजे फिनलंडमधला लाउरी रापाला. जन्म 1905 चा. लहानपणीच तो आईबरोबर आसिक्काला परगण्यात राहावयास आला. आडनावाची गोष्ट अशी सांगतात की, नोंद करतेवेळी पाद्रीबुवांना त्याच्या आईचे आडनाव आठवेना, तेव्हा त्यांनी ती ज्या गावाहून आली त्या गावाचे नावच लिहून टाकले. पुढे जगभरच्या दुकानांत झळकलेले नाव हे असे विसराळूपणातून आलेले आहे!

लाउरी हिवाळ्यात लाकूडतोडीला जाई आणि बर्फ वितळले की पैयान्ने सरोवरावर मासेमारी करी. जाळी होतीच, त्याखेरीज शेकडो गळ लावलेली लांब दोरी तो पाण्यात सोडीत असे. आता शेकडो गळ म्हटले की शेकडो आमिषे आली. आधी लहान मासे पकडावयाचे, मग ते एकेक गळाला टोचावयाचे आणि मग मोठ्या माशांची वाट पाहावयाची. दिवसाचा केवढा भाग या आमिषातच खर्ची पडत असेल, याची कल्पना करा. म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येईल असे आमिष ही त्याची हौस नव्हती, गरज होती.

होडी वल्हवताना पाण्यात वाकून पाहण्याची त्याला सवय होती. लहान माशांच्या थव्यावर शिकारी मासा तुटून पडे, तेव्हा तो कोणालाही धरीत नसे. थव्यात एखादा मासा किंचित लंगडल्यासारखा, डावी-उजवीकडे झुलत चालला असेल, तर नेमका तोच गट्ट होई. हे त्याच सरोवरावर पिढ्यान्‌पिढ्या वल्ही मारणाऱ्या इतरांच्याही डोळ्यांसमोर घडत आले असणार. लाउरीने त्याचा उपयोग केला.

1936 साली त्याने चांभाराच्या सुरीने बुचाचा एक मासा कोरला. चकाकी यावी म्हणून त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चंदेरी पन्नी चिकटवली. रोगण मिळेना, म्हणून छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा थर चढवला. आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. या आमिषात मांसाचा कणही नव्हता.

येथे एक प्रश्न विचारला जाईल, की असा मासा प्रथम त्यानेच केला काय? नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात जेम्स हेडन नावाचे एक नामांकित मधमाशीपालक होते. ते तळ्याकाठी बसून लाकूड तासत होते, तो तुकडा पाण्यात फेकताच माशाने त्यावर झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, त्यांच्या घराण्याचा लाकडी माशांचा धंदा विसाव्या शतकाच्या आरंभी चालू होता हे निश्चित. इंडियाना राज्यातल्या क्रीक चब कंपनीने तर माशाच्या हनुवटीखाली धातूची पट्टी बसवून तिचे पेटंट 1920 मध्ये घेतले होते. तेव्हा पहिलेपणाचा मान लाउरीला देता येत नाही. पण ‘पहिला कोण’ हा प्रश्न इतिहासात आपण गरजेहून अधिक विचारतो, असे माझे मत आहे. लंगडेपणा नेमका किती असावा हे कोणी साधले, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

ते कसे साधते हे थोडे पाहू. चालत्या होडीमागे दोरी सोडून असा मासा ओढीत नेणे, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. हनुवटीखालच्या तिरप्या पट्टीला, तिला ओठ म्हणतात, पाणी धडकते आणि माशाचे नाक खाली दाबते. तेच पाणी ओठाच्या कधी या कडेने, कधी त्या कडेने निसटते आणि अंग डोलू लागते. ओठ लांब आणि पुढे झुकलेला असेल तर मासा खोल जातो. आखूड आणि उभा असेल तर वरवर चालतो. पण ओठ खाली नेतो तशी दोरी वर ओढते. पाण्यात जाड दोरीला विरोध जास्त, म्हणून तोच मासा बारीक दोरीवर अधिक खोल उतरतो. दोरी अधिक सोडली तर आणखी थोडा उतरतो. पण एका मर्यादेपुढे कितीही वाव सोडा, दोरीचाच भार त्याला अडवतो. होडी जोराने हाकली की मासा खोल जातो, ही समजूत बहुतांशी चुकीची. फार वेग दिला तर तो कुशीवर लोळून पृष्ठभागावर येतो. आणि होडी थांबली तर? तर बुचाचा मासा आपोआप वर तरंगतो, तळच्या दगडांत अडकत नाही. मासा गमावणे म्हणजे दिवस गमावणे होते, त्या माणसाला ही सोय लहान नव्हती.

गाठही साधी चालत नाही. नाकाशी गच्च आवळलेली गाठ डोलणे मारते. म्हणून सैल फासा ठेवतात. पाइक मासा दातांनी दोरी कापतो म्हणून पुढे तारेचा तुकडा लावावा लागतो, पण तार जड झाली की नाक ओघळते. एवढे करून मासा सरळ चालेना, तर दोष बहुधा नाकातल्या कडीचा. मागून पाहता तो उजवीकडे पळत असेल तर कडी डावीकडे वाकवावयाची, केसभर. आणि पुन्हा पाण्यात टाकून पाहावयाचे.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला आलेल्या पाहुण्यांबरोबर हे मासे परदेशी गेले. 1959 मध्ये मिनियापोलिसचे रॉन वेबर यांनी त्यांची करामत पाहिली, आणि रे ऑस्ट्रम यांना भागीदार घेऊन अमेरिकेत आयात सुरू केली. मग ऑगस्ट 1962 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्यावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच निवर्तलेल्या मेरिलिन मन्रो होत्या. अंक हातोहात खपला आणि त्याबरोबर फिनलंडच्या त्या मच्छीमाराच्या दारी मागण्यांचा पूर लोटला. एका नटीच्या मृत्यूने एका गळाचे नशीब उघडावे! पण नशिबाने मागणी आणली तरी मासा नशिबाने डोलत नाही.

पुढे टेनेसीत फ्रेड यंग यांनी बाल्सा लाकडाचे आखूड, पोटाळ मासे कोरले; ते इतके दुर्मिळ झाले की लोक ते दिवसाच्या भाड्याने नेत. मग त्यांची प्लास्टिकची प्रत निघाली. रिळाची मूठ फिरवून ओढावयाचे म्हणून या जातीला क्रँकबेट हे नाव रूढ झाले.

लाउरी 1974 साली वारला. मागणी वाढली, यंत्रे आली, बुचाच्या जागी बाल्सा आले. पण घरच्यांनी एक रीत सोडली नाही. तयार झालेला प्रत्येक मासा पाण्याच्या टाकीत ओढून पाहावयाचा, आणि तो तिरका चालला तर कोणीतरी त्याची कडी हाताने केसभर वाकवावयाची.